मुनाफ परकार वाऱ्याला भ्यायला नव्हता

“चांदवडकरांनी मुंबईहून निवडून आणलेला ‘पहिल्या नंबरचा’ क्रेन ऑपरेटर हा आमच्या साइटवरचा कायमचा विनोद होता. जमिनीवर वाघ असलेला हा गृहस्थ साठ मीटर उंचीवर गेला की गारठत असे. वाऱ्याची झुळूक आली की क्रेन थांबे. कागदावरची गुणवत्ता आणि कामावरची गुणवत्ता यांतले अंतर त्याने आम्हा सर्वांना शिकवले.”

हा उतारा दोह्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या मागील वर्षीच्या याच अंकातला आहे. त्यातले चांदवडकर म्हणजे मी. लेखक श्री. देवधर हे पुण्याचे, नियोजन विभागातले अभियंते. म्हणजे कोणते काम कोणत्या दिवशी संपणार हे रंगीत पट्ट्यांनी दाखवणारे आणि ते न संपल्यास त्याच पट्ट्या पुढे सरकवणारे. त्यांच्या मराठीबद्दल माझी तक्रार नाही. उताऱ्यात वाक्ये चार आहेत आणि चुका पाच आहेत. उंची साठ मीटर नव्हती, बाहत्तर होती. ही त्यांतली सर्वांत किरकोळ.

अशा वेळी ‘मी हे सोडून दिले असते, पण’ असे लिहिण्याची पद्धत आहे. मी आयुष्यात काहीही सोडून दिलेले नाही, हे आमच्या घरी आणि कतारमधल्या तीन कंपन्यांत सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा ते नाटक नको. परंतु यंदा लेखणी हाती घेण्याचे कारण केवळ माझा स्वभाव नाही. ज्याच्याबद्दल हे लिहिले गेले तो मुनाफ परकार आज रत्नागिरीजवळ क्रेन चालवण्याचे शिक्षण देतो. त्याच्या वर्गातल्या एकाने त्या पानाचा फोटो फोनवर मिळवला आणि सर्वांसमोर विचारले, “सर, हे तुम्हीच का?” मुनाफने मला फोन केला. तक्रार केली नाही. म्हणाला, “काका, जाऊ द्या. खलास झालं ते.” शिकवणाऱ्याचे नाव गेले की त्याच्यापाशी उरते काय? म्हणून हे लेखन. त्याचे नाव त्याला परत मिळावे, एवढाच हेतू आहे; त्यात माझे काही गेले तर जावो. (हे वाक्य लिहायला सोपे गेले. पुढची तितकी सोपी गेली नाहीत.)

वाचकांपैकी बहुतेक तेल, वायू वा बँकेतले. म्हणून आमचा धंदा थोडक्यात सांगतो. मी लिफ्टिंग सुपरिंटेंडंट होतो. एखादे ओझे जमिनीवरून उचलायचे, हवेतून न्यायचे आणि नेमक्या जागी ठेवायचे, याला आमच्यात एक लिफ्ट म्हणतात. एकेचाळीस वर्षे मी या धंद्यात काढली. स्वतः पाच किलोंपेक्षा अधिक काही उचलल्याचे स्मरत नाही. इतरांनी कसे उचलावे ते मात्र अखंड सांगितले.

विश्वचषकाच्या तयारीचे ते दिवस. दोह्याभोवती जिकडे पाहावे तिकडे टॉवर क्रेन उभ्या होत्या आणि त्या चालवायला माणसे अपुरी पडत होती. आमच्या स्टेडियमसाठी मला पनवेलजवळच्या एका यार्डात ट्रेड टेस्ट घ्यायला पाठवले. ट्रेड टेस्ट म्हणजे प्रत्यक्ष काम करवून घेतलेली परीक्षा. माझी परीक्षा धंद्यात प्रसिद्ध होती, निदान मी तसे सर्वांना सांगत असे. हुकाला पाण्याने भरलेली बादली टांगायची. ती पिंपांच्या दोन रांगांमधून, कुठेही न टेकवता न्यायची. आणि खडूने काढलेल्या वर्तुळात ठेवायची. पाणी सांडले की माणूस गेला. क्रेन थांबली तरी टांगलेले ओझे झुलत राहते. ते झुलण्याआधीच त्याच्यामागे क्रेन नेऊन त्याला शांत करणे, यात सगळी कला आहे. ती शिकवता येते, पण फार थोड्यांना येते.

मुनाफ तेव्हा एकतीस वर्षांचा, बंदरातल्या क्रेनवर तयार झालेला. बादली वर्तुळात आली तेव्हा पाण्यावर तरंगदेखील नव्हता. मला संशय आला. मी बादली काठोकाठ भरवली. पुन्हा तेच. मग मी हट्टाने वर्तुळ पुसून ताटलीएवढे काढले. बादली त्यात बसली. फॉर्मवर ए, बी आणि सी असे तीन चौकोन होते. मी ‘ए’वर खूण केली, त्यापुढे पेनने दोन अधिकची चिन्हे काढली आणि त्यांना जागा पुरेना म्हणून समासात सही केली. परीक्षा घेत आलो त्या बावीस वर्षांत असा शेरा मी दिला नव्हता. दोह्याला परतल्यावर तो शेरा मी कॅन्टीनमध्ये, बैठकीत, ऑफिसच्या जिन्यात आणि एकदा मंडळाच्या हळदीकुंकवाला सौ. सुनंदाला सोडायला गेलो असता तिथल्या अनोळखी बायकांनाही ऐकवला. देवधर म्हणाले, “चांदवडकर, ऑपरेटर आणताय की जावई?”

जावयाची एवढी जाहिरात मी केली नसती.

आता टॉवर क्रेनवर काय होते ते पाहा. ऑपरेटर उंचावर एकटा असतो. यार्डात बादली त्याच्या डोळ्यांसमोर असते. स्टेडियमवर ओझे स्टँडच्या पलीकडे उतरते आणि ऑपरेटरला दिसतही नाही. खाली उभा असलेला सिग्नलमन वॉकीटॉकीवर सांगतो, “डावीकडे, आणखी, हळू, खाली,” आणि वरचा त्याच्या शब्दावर टनावारी पोलाद हलवतो. यासाठी एक नियम जगभर आहे. ऑपरेटरला हुकूम एकाच माणसाचा, त्याच्या सिग्नलमनचा. साहेब असो, मालक असो, दुसऱ्या कोणी बोलायचे नाही. अपवाद एका शब्दाचा. ‘थांब’ हा हुकूम कोणीही देऊ शकतो, अगदी रस्त्याने जाणारा मजूरही, आणि ऑपरेटरने तो तत्क्षणी पाळलाच पाहिजे. कोणाला धोका दिसेल सांगता येत नाही, म्हणून हा अपवाद. माणसांचे जीव वाचवणारा तो एक अत्यंत शहाणपणाचा नियम आहे.

मी त्या नियमाचे काय केले ते सांगण्याआधी तामांगची ओळख करून देतो. तामांग हा मुनाफचा सिग्नलमन, नेपाळी, बुटका, कमी बोलणारा आणि कधीही न चुकणारा. दोघांचे बोलणे हिंदीत चाले. त्यांचा चॅनेल वेगळा होता. तो ते दोघे ऐकत, आणि सुपरिंटेंडंट या नात्याने मी ऐकत असे. माझी ऑफिसची खोली पूर्वेच्या स्टँडसमोर होती. खिडकीतून मुनाफची क्रेन पूर्ण दिसे. ही खोली मी मागून घेतली होती.

पहिल्याच दिवशी मुनाफने छताच्या पोलादाचा एक तुकडा उचलला, तो मला किंचित तिरका वाटला. मी वॉकीटॉकी उचलला आणि म्हणालो, “थांब.” क्रेन थांबली. तुकडा तिरका नव्हता. माझा चष्मा तिरका होता. पण दक्षता म्हणून काही बिघडले नाही, असे मी मनाशी म्हटले. दुपारी पुन्हा एकदा म्हणालो. दुसऱ्या दिवशी चार-पाच वेळा. ज्याच्या फॉर्मवर समासात माझी सही होती, त्याच्या हातून एक ओरखडादेखील उठता कामा नये, या चिंतेने मी त्या खिडकीत उभा राहत असे. बाकी काही बोलण्याची मला परवानगी नव्हती आणि नियम मोडणे माझ्या रक्तात नाही. म्हणून मी फक्त तो एकच शब्द वापरत असे. मराठीत, कारण मुनाफ आपला माणूस. त्याला आपल्या भाषेत ऐकून धीर येत असेल, असाही एक उदात्त विचार त्यामागे होता.

तिसऱ्या आठवड्यात देवधरांची पट्टी लाल झाली. शेजारच्या क्रेन दिवसभरात जितक्या लिफ्ट करत, त्याच्या निम्म्याही मुनाफच्या होईनात. थंडीचे महिने होते, उत्तरेचा वारा, ज्याला इथे शमाल म्हणतात, अधूनमधून जोर करत होता. क्रेन हवेत थांबलेली दिसली की लोक वर पाहून हसत. खालचे रिगर, म्हणजे ओझ्यांना साखळ्या बांधणारे कामगार, तामांगच्या वॉकीटॉकीतून सतत येणारा एक शब्द उचलून बसले. त्यांत बंगाली होते, फिलिपिनो होते, केरळचे होते. पण ‘थांब’ एवढे मराठी सगळ्यांना आले. मुनाफ जेवणाच्या रांगेत उभा राहिला की मागून कोणीतरी म्हणे, “थांबभाई आ गया, यल्ला, चलो, रस्ता दो!” शब्द माझ्या तोंडचा होता. नाव त्याला पडले.

कॅन्टीनमध्ये निदाने सुरू झाली. देवधरांचे तेच, जे त्यांनी मागील वर्षी छापले: वारा आणि उंची. भांडारपालाचे म्हणणे, माणूस घरच्या आठवणीने खचला आहे. मी सर्वांशी भांडलो. “माझी परीक्षा चुकत नाही,” मी म्हणालो.

“परीक्षा बरोबर, मग माणूस चुकला?” देवधर.

“माणूसही बरोबर.”

“परीक्षा बरोबर, माणूस बरोबर, क्रेन नवी कोरी. मग चूक कोणाची हो, वाऱ्याची?”

या प्रश्नाचे एक उत्तर शिल्लक राहत होते. ते मला तेव्हा दिसले नाही. खिडकीतून बाकी सर्व दिसत असे.

अखेर खरे काय ते पाहण्यासाठी मी स्वतः वर चढायचे ठरवले. माझे वय एकसष्ट होते. टॉवर क्रेनला आतून शिड्या असतात आणि मधे मधे टेकायला लोखंडी मजले. तिसऱ्या मजल्यावर मी माझ्या पूर्वायुष्याचा आढावा घेतला. पाचव्यावर मुनाफ पाण्याची बाटली घेऊन खाली मला न्यायला आला. केबिनमध्ये पोचल्यावर तासभर मी त्याच्या मागे एका हत्यारांच्या पेटीवर बसून होतो, आणि त्या तासात माझ्या तोंडून शब्द फुटण्याची सोय नव्हती, कारण श्वासच पुरत नव्हता. मुनाफने त्या तासात जे केले ते मी विसरणार नाही. हात दोन्ही दांड्यांवर असे ठेवलेले, जणू झोपलेल्या मुलाला थोपटतो आहे. खालून तामांगचा आवाज येई आणि तो संपण्याआधी पोलाद निघालेले असे. मी डोळ्यांनी पाहिले की माझा शेरा खरा होता. उलट समासात आणखी एक अधिक चिन्ह मावले असते.

खाली उतरून मी कॅन्टीनमध्ये निष्कर्ष जाहीर केला: “मी शेजारी असलो की त्याला धीर येतो.”

“मग रोज वर जाऊन बसत जा,” देवधर म्हणाले. “आमचीही सोय होईल.”

मी वर गेलो नाही. खिडकीत गेलो, आणि धीर देणे पुन्हा सुरू केले.

दोनेक महिन्यांनी प्रकल्प व्यवस्थापकाने, तो एक शांत लेबनानी गृहस्थ होता, मला बोलावले. मुनाफचा उमेदवारीचा काळ संपत आला होता. “एक आठवडा,” तो म्हणाला. “कामाचा वेग शेजारच्या क्रेनएवढा झाला नाही तर त्याला परत पाठवा. निवड तुमची होती, पत्रावर सही तुम्हीच करा.” परत जाणे म्हणजे काय हे आखातात राहणाऱ्यास सांगायला नको. मुनाफने बंदरातली पक्की नोकरी माझ्या शब्दावर सोडली होती. दापोलीला बहिणीचे लग्न ठरले होते.

त्या दिवशी मी माझे दुःख वॉल्टरला सांगितले. वॉल्टर हा अमेरिकेतला, मालकपक्षाचा लिफ्टिंग सल्लागार, अवाढव्य देहाचा. त्याने चहा हलवत विचारले, “क्वार्टरबॅक म्हणजे काय ते तुला माहीत आहे?” मी नाही म्हणालो. मला एखादी गोष्ट माहीत नसल्याची माझ्या तोंडची ही दुर्मीळ कबुली आहे.

त्याने सांगितले ते असे. त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू लांबुडका असतो आणि हाताने फेकतात. क्वार्टरबॅक मध्ये उभा राहतो, चेंडू त्याच्या हाती येतो, आणि समोरची धिप्पाड माणसे अंगावर कोसळण्याआधी, दोन-तीन सेकंदांत, कोणाकडे फेकायचा ते त्याला ठरवावे लागते. शाळेत खेळणाऱ्या अशा मुलांना जाणकार लोक तारे देतात, पाच तारे सर्वोत्तम. विद्यापीठे त्यांच्या दारी रांगा लावतात. आणि त्यांतले कितीतरी कॉलेजात गेल्यावर काहीच करून दाखवत नाहीत.

“का?” मी विचारले. परीक्षकाचा अपमान मला कोणत्याही खेळात सहन होत नाही.

“शाळेत तो सगळ्यांत मोठा असतो, कॉलेजात सगळेच मोठे असतात. शाळेत त्याचा साथीदार नेहमी मोकळा सापडतो, कॉलेजात तो क्षणभर मोकळा असतो. हाताची ताकद मोजता येते, घाईत काय दिसते ते मोजता येत नाही. शिवाय नवी पद्धत, नव्या खुणा, नवी माणसे.”

मी एकेक खोडून काढले. मुनाफला घाई नवी नव्हती. बंदरात जहाज कोणासाठी थांबत नाही. साथीदार तामांग होता, त्याहून चांगला मिळणे नाही. खुणा त्याला पाठ होत्या. “तुझे क्वार्टरबॅक आमच्या कामाचे नाहीत,” मी म्हणालो.

“मी एक होतो,” वॉल्टर म्हणाला. “चार तारे.”

“मग?”

“पहिल्या वर्षी बरा खेळलो. मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक फेकीनंतर मी मैदानाकडे पाहत नाही, बाकाकडे पाहतो. प्रशिक्षक तिथे उभा असायचा. त्याने सगळ्या वर्तमानपत्रांना सांगितलं होतं की असा मुलगा पाहिला नाही. चेंडू हातातून सुटला की त्याचा चेहरा असा व्हायचा.” वॉल्टरने दाढ दुखल्यासारखा चेहरा केला. “पुढे पुढे फेकण्याच्या आधीच मी तिकडे बघू लागलो. तीन सेकंदांतला एक तिथेच गेला. उरलेल्या दोनांत फक्त आपटून घेता येतं.”

“तो प्रशिक्षक मूर्ख होता,” मी म्हणालो.

“नाही. फार प्रेमळ होता. त्याला मूर्ख म्हणता आलं असतं तर मी वाचलो असतो.” मग त्याने सहज विचारले, “परीक्षेच्या वेळी तू तुझ्या माणसाला काय काय सांगत होतास?”

“काहीच नाही. परीक्षकाने बोलायचं नसतं.”

“हं,” वॉल्टर म्हणाला आणि चहा संपवून निघून गेला. अमेरिकन माणसे संभाषण अर्धवट सोडतात, असे मी त्या संध्याकाळी घरी सांगितल्याचे आठवते.

शुक्रवारी मी मुनाफला एशियन टाउनमध्ये भेटायला बोलावले. सुट्टीमुळे बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सिनेमाच्या रांगेपलीकडे एका टपरीवर आम्ही करक, म्हणजे इथला दाट दुधाचा, चहा घेतला. मुनाफ माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखे मराठी बोलत असे. घरच्यांशी फोनवर बोलताना त्याची बोली निराळी, फार गोड होती. ती मला ऐकवायला तो लाजे. मी त्याला आठवड्याची मुदत सांगितली. त्याने पेला खाली ठेवला.

“काका, एक बोलू? राग येणार नाही ना?”

“मला राग येतो असं तुला कोणी सांगितलं?” मी जरा मोठ्यानेच विचारले. शेजारचे दोघे वळून पाहू लागले.

“उद्या तुम्ही सुट्टी घ्या.”

“मी? सुट्टी? कशासाठी?”

“तामांग लिफ्ट सांगतो, ती मी ऐकतो. मग तुमचा शब्द येईल म्हणून जरा वाट बघतो. आला नाही, तर येईलच म्हणून आणखी जरा. तुम्ही ‘थांब’ म्हटलंत आणि मी थांबलो नाही, तर नियम मोडला. तुम्ही म्हणायच्या आधीच थांबलो, तर निदान झटका बसत नाही. सवय झाली, काका. आता तुम्ही खिडकीत नुसते उभे असलात तरी मला ऐकू येतं.”

“हे तू दोन महिने का नाही बोललास?”

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की प्रश्न किती निर्बुद्ध होता ते कळावे. “तुम्ही मला आणलंत,” तो म्हणाला. “तुम्हाला कसं सांगू, गप्प बसा म्हणून?”

इथे मी नम्रपणे चूक मान्य केली असे लिहिता आले असते तर लेखाची शोभा वाढली असती. मी त्याला पंधरा मिनिटे सुनावले. तू बंदरात दोऱ्या ओढत होतास तेव्हा मी कोणकोणत्या क्रेन उभ्या केल्या होत्या, त्यांची यादी दिली. चहाचे पैसे टेबलावर आपटून निघालो आणि गाडी कुठे लावली ते विसरल्यामुळे त्याच्याच समोरून दोनदा फिरलो. तिसऱ्यांदा त्यानेच उठून गाडी दाखवली.

घरी सौ. सुनंदाला सगळे सांगितले. माझी बाजू भक्कम आहे याची खात्री होती. ती वाटाणे सोलत होती.

“त्याने मागितलं काय? एक दिवस?” ती म्हणाली. “मी बत्तीस वर्षं मागत्येय.”

“म्हणजे?”

“मी गाडी चालवते तेव्हा तुम्ही शेजारी बसून ब्रेक दाबता. तिथे ब्रेक नाही, तरी दाबता. इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा पास झाले, तेव्हा तुम्ही भारतात होतात.”

“तो योगायोग.”

“असेल. उद्या घ्या सुट्टी, दुसरा योगायोग होतो का बघू.”

शनिवारी सकाळी मी ऑफिसला ताप असल्याचे कळवले. खोटे बोललो, पण नऊपर्यंत खरोखरच कणकण वाटू लागली. साडेनऊला तामांगला फोन केला; तो म्हणाला, “साब, लिफ्ट चालू है,” आणि त्याने फोन कापला. माझा फोन! साडेदहाला पुन्हा लावला, तर बंद. मग सुनंदाने माझा फोन काढून घेतला आणि मला वाटाणे दिले. मी त्या दिवशी एकूण दोन किलो वाटाणे सोलले. आमच्या घरी पंधरा दिवस मटार उसळ होती.

संध्याकाळी व्यवस्थापकाचा संदेश आला. मुनाफने त्या दिवशी शेजारच्या दोन्ही क्रेनना मागे टाकले होते. मी रविवारीही ताप ठेवला. सोमवारी कामावर जाऊन खोली बदलून मागितली. नवीन खोलीला पार्किंग दिसत असे. परतीच्या पत्रावर सही करायची वेळ आली नाही. स्टेडियमचे छत पुरे होईपर्यंत मुनाफ त्याच क्रेनवर होता आणि त्याच्या हातून एकही ओरखडा उठला नाही.

तरीही गोष्ट इथे गोड होत नाही. नाव एकदा चिकटले की कामाने निघत नाही. पुढे एका दुसऱ्या ठेकेदाराकडे फोरमनच्या जागेसाठी मुनाफ गेला. मुलाखत घेणाऱ्याच्या शेजारी आमच्याकडचा एक जुना रिगर बसला होता. “अरे, ये तो थांबभाई है,” तो हसून म्हणाला. वाईट हेतूने नव्हे. जागा दुसऱ्याला गेली. वर्षभराने मुनाफ रत्नागिरीला परतला. तो निघाला त्या दिवशी विमानतळावर मी त्याला सांगायचे ठरवून गेलो होतो की चूक माझी होती. प्रत्यक्षात मी त्याला सामान कसे ठेवावे ते सांगितले.

आता श्री. देवधर. ती शनिवारची गोष्ट त्यांना माहीत आहे. त्यांचे म्हणणे, एका दिवसाने काही सिद्ध होत नाही. त्या शनिवारी आणि रविवारी वारा पडलेला होता, म्हणून भित्रा माणूसही धावला. हे त्यांनी मला मंडळाच्या कोजागरीला, भरल्या पंक्तीत ऐकवले. मी त्यांच्यावर तुटून पडलो. परंतु आज प्रथमच लिहितो की त्या रात्री मला फार शांत झोप लागली. वारा खरोखरच पडलेला होता. देवधरांचे बरोबर असेल तर मुनाफ भित्रा होता, आणि मी निर्दोष. कितीतरी वर्षे मी त्या गृहस्थांशी चारचौघांत भांडत आलो आणि मनातून त्यांचे बरोबर असावे अशी आशा धरून राहिलो. त्यांनी तो उतारा छापला तेव्हा संतापाबरोबर माझ्या पोटात थोडे समाधानही होते. मग मुनाफचा फोन आला.

त्या टॉवर क्रेनमध्ये नोंदयंत्र असते. क्रेन किती वाजता हलली, किती वाजता थांबली, वारा किती होता, सर्व त्यात टिपले जाते. वॉल्टरने अमेरिकेला परतताना मुनाफच्या त्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांचे कागद एका फायलीत घालून मला दिले होते. “वेळ मिळेल तेव्हा बघ,” म्हणाला होता. मी ती फाइल उघडली नव्हती. या लेखासाठी, वाऱ्याचे आकडे काढून देवधरांना गप्प करावे म्हणून, गेल्या महिन्यात उघडली. पाने डायनिंग टेबलावर मांडली आणि प्रत्येक थांब्यावर लाल पेनने खूण करत गेलो. पानेच्या पाने लाल झाली. सुनंदा चहा ठेवायला आली, तिने चष्मा लावून क्षणभर पाहिले आणि एका ठिकाणी बोट ठेवले. “इथे कोरं का आहे?”

प्रत्येक पानावर, एकही दिवस न वगळता, एक पट्टा कोरा होता. त्या वेळात मुनाफची क्रेन एकदाही अडली नव्हती, आणि शमाल असलेल्या दिवशी वारा नेमका त्याच वेळी चढलेला होता. कोरा पट्टा अकरा ते बारा या तासाचा आहे. मला मधुमेह असल्याने मी सर्वांच्या आधी, अकरा ते बारा, जेवतो. आणि जेवताना बोलायचे नाही, हा आमच्या वडिलांचा नियम मी जन्मभर काटेकोरपणे पाळत आलो आहे.